खड्ड्यातली यशोदा

वाक्य आलं नाही.

ईश्वरदास गादीवर गुडघ्यांवर उभा होता. राणी रंगाची साडी खांद्यावरून हातावर उतरलेली, पदराचं टोक दोन बोटांत धरलेलं, आणि समोर बसलेली बाई विचारत होती, "भैया, धोने के बाद ऐसीच रहेगी ना?" गोंदियाच्या बाजारात साड्या उलगडण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे प्रश्नच नव्हे. तरी तो थांबला. थांबायची त्याला सवय होती. अर्धा श्वास थांबलं की वाक्य यायचं, कानाच्या मागून आणि जरा खालून, कुणी पायांजवळ बसून सांगावं तसं. यायचं ते पुस्तकी मराठीत. ताई, धुऊन धुऊन साबण संपेल, रंग संपायचा नाही. तो ते हिंदी करून द्यायचा, बाई हसायची, साडी बांधली जायची. आज अर्धा श्वास गेला, मग पूर्ण गेला. मग छतावरच्या पंख्याची घरघर ऐकू आली. हा पंखा असा आवाज करतो हे तो विसरूनच गेला होता. बाहेर रिक्षावाला कुणाला तरी शिव्या देत होता, रस्त्यापलीकडे भांडी आदळत होती, आणि या सगळ्याच्या मधोमध एक मोकळी जागा होती. दात पडल्यावर जीभ जिथे पुन्हा पुन्हा जाते तशी. बाई त्याच्याकडे पाहत होती. तो पदर धरून उभा होता.

"ईश्वर, फोटो खिंचवा रहे हो क्या?" गल्ल्यावरून गुलाबचंद शेठ म्हणाले. दुकानातल्या दोघीतिघी हसल्या. "रहने दो," म्हणत बाई उठली.

गोळ्या लागू पडल्या होत्या. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की एकदम काही होणार नाही, आवाज लांब लांब जाईल, आणि एक दिवस तुमच्या लक्षात येईल की बराच वेळ झाला, तो नाही. सरकारी दवाखान्याच्या त्या खोलीत हे आनंदाच्या बातमीसारखं सांगितलं गेलं. बाहेर आल्यावर त्याच्या बायकोने, राखीने, भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या देवाला हात जोडले होते. म्हणजे आज आनंद व्हायला हवा होता. ईश्वरदास साडीची घडी घालू लागला. घडी नीट बसेना. त्याच्या मनात एकच गोष्ट येऊन बसली होती, सरळ, कुणी न सांगता: आता ती कुठेच नाही.

मागे.

मागे म्हणजे गाव. गोंदियाकडच्या प्रतापगडाचा डोंगर जिथून घराच्या पाठीशी उभा असल्यासारखा दिसतो ते गाव. तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांचं गाव, म्हणजे आधी तलाव आणि मग माणसं. धान कापून झालं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि मंडईला नाटक. झाडीपट्टीच्या नाटकात पाठांतराला कुणी विचारत नाही. दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेल्या माणसाने तालमी करायच्या कधी? नट रंगमंचावर येतो तो फक्त कान घेऊन. मंचाच्या पुढच्या कडेला मधोमध खड्डा असतो, प्रेक्षकांच्या बाजूने टिनाने झाकलेला. त्यात एक बल्ब आणि प्रॉम्प्टर. राजाचं वाक्य तोच सांगतो, राणीचं तोच सांगतो, सावकाराचं, वेड्याचं, मरणाऱ्याचं, सगळ्यांचं. नट ऐकतो आणि बोलतो. ऐकण्या-बोलण्यामधलं अंतर प्रेक्षकाला कळलं नाही की नट चांगला. ईश्वरदास फार चांगला नट होता. त्याच्या बाबतीत ते अंतर उरतच नसे, जणू कानच तोंड.

गावच्या नाटक मंडळाचा प्रॉम्प्टर केवलराम. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तेव्हा त्याची मुलगी शेजारी बसून वाचून दाखवू लागली, त्याने ऐकून मोठ्याने सांगायचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मधला केवलराम नसला तरी चालतं. मंडळाची बैठक तलावाच्या पाळीवर भरली.

"पोरगी खड्ड्यात बसन?"

"बसली त दिसते का?"

"दिसत त नाई."

"मंग कायचा तरास हाये?"

असा ठराव झाला, आणि यशोदा खड्ड्यात उतरली.

नटाने खड्ड्याकडे पाहायचं नाही, हा पहिला नियम. पाहिलं की प्रेक्षकाला खड्डा दिसतो, आणि खड्डा दिसला की नाटक गेलं. म्हणून ईश्वरदासने यशोदाला तिच्या कामाच्या जागी कधी नीट पाहिलं नाही. डोळ्यांच्या खालच्या कडेला तिचा भांग दिसायचा, पिवळ्या उजेडात, आणि कधीकधी हात. नटाचा आवाज पडला की ती तळहात वर करायची, खड्ड्याच्या कडेच्या जरासा वर. हिरव्या बांगड्या मनगटावरून खाली घसरायच्या. तळहात वर म्हणजे आवाज वर, शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याला ऐकू जायला पाहिजे. त्याचा आवाज मुद्दाम पडायला लागला. तो हात दिसावा म्हणून. हे तिला कळलं असेल का, हा विचार त्याने नंतर इतक्यांदा केला की विचाराची कडा झिजून गेली.

आणि वाक्यं. तुझ्यावाचून मला हे जग रानासारखं वाटतं. हे आधी ती म्हणायची, त्याच्याच एकट्याच्या कानात, अर्ध्या आवाजात. मग तो नागपूरहून आणलेल्या नटीचा हात धरून मोठ्याने म्हणायचा. नटीचं उत्तरही आधी तीच म्हणायची. म्हणजे जे काही व्हायचं ते खड्ड्यातच पुरं होऊन जायचं. वर मंचावर दोन माणसं उरलेलं भाडं फेडल्यासारखी तेच पुन्हा बोलायची.

दिवसा मात्र काही नाही. दिवसा ती तलावावर भेटली तर म्हणायची, "काऊन, खोकला गेला का?" आणि हा उभा. खोकला गेला की नाही हे सांगायला त्याच्याजवळ वाक्य नसायचं. "हो" म्हणून तो निघून जायचा. जगात फक्त तिच्याजवळ त्याची वाक्यं होती, आणि तिच्याशी बोलायचं तर ती मागायची कुणाला?

एका मंडईला प्रवेश असा होता: नायिका रुसून पाठमोरी बसली आहे, नायक तिला मनवतो. त्याने दोन वाक्यं घेतली, म्हटली. तिसरं आलं.

— एकदा इकडे बघ ना.

त्याने घेतलं आणि म्हटलं. दोन्ही हात पसरून, गळा भरून, असं की त्याच्याच अंगावर काटा आला. "एकदा इकडे बघ ना!" नटी वळली. मंडप उसळला, शिट्ट्या आल्या, कुणीतरी टोपी उडवली. आणि खड्ड्यात शांतता. इतकी लांब शांतता तिथे कधी नसायची. नटी डोळ्यांनी विचारू लागली. मग पुढचं वाक्य आलं, सपाट, बाजाराचा हिशेब सांगावा तसं, आणि त्यापुढची सगळी तशीच आली. त्या नाटकात तळहात पुन्हा वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर नटी म्हणाली, "वो लाईन बढिया थी. पहले के खेल में तो नहीं थी." तो हसला. हसत असतानाच त्याला कळलं. ते वाक्य नाटकातलं नव्हतं. ते त्याला सांगितलेलं नव्हतं, त्याला म्हटलेलं होतं. एवढ्या वर्षांत खड्ड्यातून एकच वाक्य तिचं स्वतःचं आलं, आणि त्याने ते सवयीने उचलून गावाला ऐकवलं, दुसरीकडे बघून.

उन्हाळ्यात यशोदाचं लग्न झालं. नवरा रेल्वेत, पटरीवर कामाला, दरेकशाला. ईश्वरदास गोंदियाला आला आणि गादीवर बसला.

पुढे.

पुढे राखी आली. तिची शिलाई मशीन आली, पीयूष झाला, मोठा झाला, नागपूरला शिकायला गेला. दुकानातल्या साड्या फॉल-पिकोसाठी घरी राखीकडे यायच्या आणि परत दुकानात जायच्या. आयुष्य दोन ठिकाणांच्या मधल्या पिशवीसारखं येत-जात राहिलं. मग दोन वर्षांपूर्वी गावचा कैलाश, जो मंडळात पेटी वाजवायचा, पोरीच्या लग्नाचं कापड घ्यायला दुकानात आला. साड्या पाहता पाहता म्हणाला, "यशोदाचं आयकलं का? केवलरामची. गळ्यात गाठ निघाली तिच्या. नागपुरले काढली. जीव वाचला, पन आवाजच गेला ना पोरीचा. एक शब्द निघत नाई." पोरीचा म्हणाला तो. ईश्वरदासने बनारसी उलगडली, मग कांजीवरम उलगडली, मग जी कुणी मागितली नव्हती ती उलगडली. कैलाश म्हणाला, "बस झालं ना गड्या, किती दाखवतं?"

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना, पायांजवळून आलं:

— पदर जरा वर धर. उजेडात.

तो दचकला नाही. खरं म्हणजे ओळखीचं दार ढकलल्यासारखं वाटलं. त्याने पदर उजेडात धरला. साडी गेली. तोच अर्धा आवाज, तोच वाक्याच्या शेवटी जरासा खाली येणारा श्वास, मधल्या वर्षांत काहीच न झालेला. ती तिकडे मुकी झाली आणि तिचा आवाज इकडे आला. दोन गोष्टी त्याने एकमेकींना जोडल्या आणि त्या इतक्या घट्ट बसल्या की पुन्हा सोडवाव्यात असं वाटलं नाही. त्या दिवाळीला शेठनी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "ईश्वर की जबान में तो सरस्वती बैठी है." तो मान खाली घालून हसला. जिभेवर नाही, शेठ. खाली.

पण खड्ड्यातला माणूस सगळ्यांचीच वाक्यं सांगतो. हे तो विसरला होता. हळूहळू गिऱ्हाईक काय बोलणार तेही आधी ऐकू यायला लागलं. मग राखीचं. राखी काय म्हणणार हे त्याला कळायचं, आणि ती भलतंच काही म्हणाली की तो वैतागायचा. "तुझं वाक्य ते नाही," तो एकदा ताटावरून म्हणाला. राखीने पोळी तशीच हातात धरली. "मंग काय हाये माझं?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. तिने ते म्हटलं नाही, तेव्हा त्याने पुन्हा सांगितलं, मग मोठ्याने, मग ताट सरकवून ओरडून. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. त्याला भीती राखीची वाटत नव्हती. भीती ही होती की सगळे लोक आपापलं वाक्य सोडून बोलायला लागले तर हे सगळं कोसळेल, मंडप, बल्ब, सगळं.

आणि या सगळ्याच्या मध्ये, कधीही, काहीही चाललेलं असताना:

— एकदा इकडे बघ ना.

तो बघायचा. आता तरी बघायचं असं ठरवून बघायचा. बसच्या फरशीवर, नालीत, खाटेखाली, पायांजवळ जिथे जिथे खोलगट असेल तिथे. स्टेशनच्या रस्त्यावर केबलसाठी खणलेल्या चरीच्या काठावर तो उन्हात इतका वेळ वाकून उभा राहिला की मजुरांनी कुदळी ठेवल्या. "क्या गिरा, काका?" चरीत माती होती, लाल, ओली, आणि एक तुटकी चप्पल. कुणीतरी त्याला ओळखून घरी आणून सोडलं. त्यानंतर राखीने दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, त्यांना घाई होती, तरी त्यांनी ऐकून घेतलं. गोळ्या लिहिल्या. म्हणाल्या, "गोळी सोडायची नाही. आणि आवाज आला तर त्याच्याशी भांडत बसू नका. त्याला काय हवं आहे, ते बघा." ईश्वरदासने मान हलवली. ती काय म्हणते हे त्यांनी विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं. त्यांच्या दारात रांग होती.

तर आता दुकानात शांतता होती. राणी रंगाच्या साडीपासून सुरू झालेली ती शांतता दुसऱ्या दिवशीही होती, तिसऱ्याही. लोक म्हणत, चेहरा सुधारला. राखी ताटात दोन घास जास्त वाढू लागली. तिने एकदा बोलता बोलता त्याच्या दंडावर हात ठेवला, आणि काढायची विसरल्यासारखा ठेवूनच दिला. त्याला ते सगळं दिसत होतं, बसच्या काचेतून दिसावं तसं. काहीतरी म्हणायला हवं होतं. तो थांबायचा, अर्धा श्वास. काही यायचं नाही. मग तो "हो" म्हणायचा. तलावाच्या काठी म्हणायचा तोच हो. आणि दिवसभर, कुठल्याही कामात, एक मोजमाप त्याच्या आत चालू असायचं. तिच्याजवळ तिचा आवाज नाही. केवलराम गेला. नाटकं तेव्हा कुणी टेप करत नव्हतं. त्या आवाजाला या जगात राहायला एवढी एकच जागा होती, आणि ती जागा तो रोज पाण्याबरोबर गिळून बुजवत होता. तिला एकदा पाहिलं नाही. आता तिला ऐकायचंही नाही?

गोळी सकाळी राखी समोर उभी राहून द्यायची. तो जिभेखाली धरायचा. दुकानात गेल्यावर गादीवरची एखादी साडी घ्यायची, उलगडल्यासारखं करायचं आणि घडीत सरकवून द्यायची. ओल्या पांढऱ्या गोळीला साडीच्या घडीसारखी जागा नाही. कापड तिला धरून ठेवतं. तो आता फक्त वाट पाहत होता. ती येईपर्यंत.

ती आली. पण फाटून आली. अर्धे शब्द, नुसता श्वास, घशात काहीतरी अडकल्यासारखं घरघरणं. — एक.. इक.. — आणि मग वारा. त्याला आधी वाटलं की गोळ्यांनी तिला मारलं आहे, आणि मग वाटलं की नाही, आता ती जशी आहे तशीच येते आहे. आणि मग, गादीवर बसून, गिऱ्हाईक नसताना, सगळ्यात वाईट ते वाटलं: की ही तिची नाहीच, मीच घसा ताणून तिच्यासारखं करतो आहे. त्याने कान झाकले. झाकलेल्या कानात घरघर वाढली. "भैया, तबियत ठीक नहीं क्या?" कुणीतरी विचारलं. त्याला उत्तर सापडलं नाही म्हणून तो रडला. गुलाबचंद शेठ गल्ल्यावरून उठून आले, एरवी ते सहसा उठत नसत. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि घरी पाठवलं. "दो दिन आराम करो. दुकान कहीं भागी नहीं जा रही."

जी गोष्ट कुठल्याही साडीवाल्याच्या ध्यानात आली असती ती त्याच्या आली नव्हती: विकलेली साडी फॉल लावायला जाते कुठे? तो घरात शिरला तेव्हा राखी मशीनवर होती. मोरपंखी साडी तिच्या मांडीवरून जमिनीवर उतरलेली. शेजारी बटणांची वाटी, आणि वाटीत बटणांच्या वर, काही चपट्या, काही विरघळून कापडाचा रंग लागलेल्या, त्याच्या गोळ्या.

राखीने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"अजी, साडीवर गोळी फुकट, असी स्कीम लावली का शेठनं?"

तो उभा राहिला. थांबला.

"वाट पाहून राहिले ना? थो आवाज सांगन, मंग तुमी बोलान." तिने दातांनी दोरा तोडला. "पहा वाट. मी बी पायतो."

खरंच ती बसली. मशीनवर कोपर टेकून. बाहेर गॅसवाला ओरडत गेला. ईश्वरदास दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि बोलू लागला. ते फार वाईट बोलणं होतं. शेवट आधी आला, तलाव मध्येच आला, टिनाचा पत्रा कशासाठी होता हे दोनदा सांगितलं आणि बांगड्यांचा रंग सांगताना त्याला थांबावं लागलं. कुणी पुढचं वाक्य देत नव्हतं. दोन शब्दांमध्ये भलं मोठं अंतर पडत होतं आणि ते अंतर राखीला दिसत होतं, आणि ती शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासारखी हलत नव्हती.

"लगन झाल्यावर," ती म्हणाली, "तुमी मले पयल्यांदा म्हनलं, तू आलीस आणि घराला घरपण आलं. मी मनात म्हनलं, मानूस त पुस्तकावानी बोलते. थे बी नाटकातलं, तिचंच होतं का?"

तो खोटं बोलू शकला असता. पण खोट्यालाही वाक्य लागतं.

"असन," तो म्हणाला.

राखी हसली. मग हसणं थांबलं आणि तिने साडीचा काठ विनाकारण सरळ केला. "अना आता काय म्हनते थे?"

"इकडे बघ म्हनते. एकदा."

"मंग पहा ना! नालीत कायले पायता? दरेकसा का अमेरिकेत हाये?"

"राखी, गोळी घेतली त तिचा आवाज जाते. तिच्याजवळ बी नाई आता. माझ्याजवळच हाये थेवढा."

"तिले विचारलं का, ठेवू का म्हनून?" राखी उठली, वाटीतल्या गोळ्या तिने हातात घेतल्या आणि बाहेर नालीत टाकून आली. "दुसऱ्याची वस्तू हाये ना. विचारून त ठेवा."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ते निघाले. राखीने डबा घेतला होता, आणि पदराच्या गाठीत नव्या पाकिटातली एक गोळी. आमगाव गेलं तेव्हा तिने गाठ सोडून ती त्याच्या हातात ठेवली. "घ्या म्हनत नाई. हातात ठेवा." त्याने मूठ मिटली. सालेकशानंतर डोंगर जवळ आले, सागाची मोठी पानं रुळाच्या कडेने उन्हात स्थिर होती. गाडीच्या चाकांतून ती येत होती की नव्हती हे त्याला ठरवता येईना. — इक.. — आणि मग चाकं. इतकी वर्षं त्याने या गाडीचा आवाज गोंदियात ऐकला होता, दरेकशाच्या दिशेने जाताना. एकदाही चढला नव्हता. कारण काहीच नव्हतं. तिथे जाऊन म्हणायचं काय, एवढंच.

केवलरामच्या रेल्वेतल्या जावयाचं घर कुणीही दाखवलं. अंगणात खाटेवर पांढरं फडकं पसरलेलं, आणि एक बाई पाठमोरी बसून त्यावर उडदाच्या वड्या घालत होती. गळ्याभोवती पातळ सुती पंचा. बोटं पिठाने पांढरी. तिची सून, डिंपल, बाहेर आली, कोण कुठले विचारलं आणि गाव ऐकताच सासूच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आई, तुमच्या माहेरचे आले." मग पाण्याचा तांब्या आणून ईश्वरदासच्या हातात दिला. "आईले बोलता येत नाई. ओठावरून मले समजते, मी सांगतो."

बाई वळली.

भांग त्याने ओळखला असता. आता भांगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरं होतं. हात ओळखला असता. चेहरा मात्र, त्याच्या लक्षात आलं, त्याला माहीतच नव्हता. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटला तो चेहरा त्याने कधी समोरून धरून पाहिलाच नव्हता. रुंद कपाळ होतं. डाव्या गालावर देवीचा एक खोल व्रण होता, तो नक्कीच लहानपणापासून असणार. डोळे बारीक, उजेडात मिटणारे. श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून, पंच्याखालून येत होता, थोडा घरघरत, आणि ती घरघर बाहेरची होती, अंगणातली, राखीलाही ऐकू येणारी.

यशोदाने कपाळावर पिठाचा हात धरून त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले.

"काय म्हनते?" राखीने विचारलं.

"तोंड इकडे करा म्हनते," डिंपल म्हणाली. "उजेडात. वळखू येत नाई."

त्याचे ओठ सवयीने हलू लागले, तेच उचलायला. त्याने ते मिटले. तो दोन पावलं पुढे झाला, छपराच्या सावलीतून उन्हात. कानामागे, खाली, पायांजवळ, त्याने ऐकलं. तिथे कुणी नव्हतं. असतं कसं? ती समोर बसली होती. यशोदाचा हात कपाळावरून हळूहळू खाली आला, आणि बारीक डोळे मोठे झाले.

"बोला ना," मागून राखी कुजबुजली. "कसी हास, विचारा."

वाक्य आलं होतं, या वेळी राखीकडून. अर्धा श्वास आधी, अगदी जसं यायला हवं तसं. त्याने ते घेतलं नाही. तो यशोदाकडे पाहत राहिला. कपाळ, व्रण, डोळे, पंचा, पिठाची बोटं. पाहता पाहता त्याच्या तोंडातून निघालं ते इतकं हळू होतं की त्याच वेळी रुळावरून जाणाऱ्या मालगाडीने ते सगळं खाऊन टाकलं. डबे जात राहिले. कोंबड्या खाटेखाली पळाल्या.

मालगाडी डोंगरातल्या बोगद्याकडे निघून गेली तेव्हा यशोदाने उजवा हात उचलला. मांडीपासून वर, खाटेच्या कडेच्या जरासा वर. तळहात आभाळाकडे. बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या.

"आई, काय पायजे?" डिंपलने विचारलं. तिला हे समजत नव्हतं.

ईश्वरदासने मूठ उघडली. घामाने चिकटलेली गोळी तळहातावरून जिभेवर घेतली, तांब्यातलं पाणी प्यायला, नट प्रवेशाआधी पितात तसं, आणि घसा मोकळा केला. मग तिच्याकडे बघत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला,

"पाहून राहिलो."